वीस वर्षं एकाच जर्सीत खेळलेल्या स्टॉपरचं कौतुक नेमकं कशाचं?

गड्डीगोदामकर (धागा सुरू करणारा)

आमच्या फुटबॉल क्लबचा स्टॉपर, म्हणजे गोलीच्या पुढे बचावाच्या मध्यावर उभा राहणारा खेळाडू, यंदाच्या मोसमानंतर खेळणं सोडतोय. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. नागपुरात लीगच्या मॅचेस बघायला जे मैदानावर येतात त्यांना कळलंच असेल. वीसेक वर्षं झाली, जर्सी एकच. पोरांनी व्हॉट्सॲपवर सत्काराचा विषय काढला आणि पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडल्या. एकीला शाल-श्रीफळ, मोमेंटो, ढोल आणि मैदानाला चक्कर हवी. दुसरी म्हणते, कसली निष्ठा घेऊन बसलात, दुसरीकडून बोलावणं आलं नाही म्हणून राहिला. तिथे नुसती शिवीगाळ चालली होती, म्हणून विषय इथे आणतोय.

माझं मत आधी सांगतो. तो कुठे गेला नाही, एवढ्यासाठी हार घालू नका. एका जागी राहिल्यामुळे त्याला जे करता येऊ लागलं त्यासाठी घाला.

उदाहरण देतो. आमच्या मैदानाचा नाल्याकडचा कोपरा पावसाळ्यात चिभडतो. वरून गवत दिसतं, खाली चिखल. बाहेरच्या टीमचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा पोरगा, जोरात सुटून येतो. आपला भाऊ टॅकल करत नाही. दोन पावलं मागे सरतो, अंग तिरकं करतो, आतली वाट बंद करतो आणि त्या पोराला हळूहळू कोपऱ्याकडे घेऊन जातो. तिथे बॉल चिखलात थांबतो, पोरगा दोन पावलं पुढे निघून जातो, आणि भाऊ निवांत बॉल लाइनबाहेर काढतो. टाळी पडत नाही. पहिल्यांदा मॅच बघणाऱ्याला वाटतं विंगरचाच पाय घसरला. तो घसरला नाही, त्याला घसरवला, हे कळायला बघणाऱ्यालाही चार-दोन मोसम तिथे उभं राहावं लागतं.

मोठ्या क्लबांतही हेच आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा स्टॉपर जेमी कॅरॅगर ७३७ सामने खेळला आणि गोल केले ५. नुसत्या प्रीमियर लीगमध्ये स्वतःच्याच जाळ्यात ७ वेळा बॉल घातला. त्यातले दोन एकाच मॅचमध्ये, सप्टेंबर १९९९, घरच्या मैदानावर, तेही मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. मॅच ३-२ ने गेली. हायलाइट्स बघून कोणी ठरवलं असतं तर हा माणूस दुसऱ्या दिवशी घरी बसला असता. तो २०१३ पर्यंत खेळला, कारण बाकीच्या शेकडो मॅचेसमध्ये तो काय करतो ते स्टँडमधल्या लोकांना माहीत होतं. लीगचं विजेतेपद त्याला एकदाही मिळालं नाही, तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

तर सांगा. सत्कार करायचा की नाही, आणि करायचा तर कशासाठी.

इतवारी_एक्सप्रेस

तुमचा चिखलाचा कोपरा आवडला. पण तुम्ही हळूच विषय फिरवून राहिले भाऊ. सत्काराच्या बॅनरवर काय छापतात? "नाल्याकडच्या कोपऱ्याचे गाढे अभ्यासक" असं कोणी छापत नाही. "एकनिष्ठ" छापतात. माझा आक्षेप त्याला आहे.

पाओलो मल्दिनीचं नाव कोणीतरी घेणारच, तर आधीच सांगतो. इटलीच्या मिलानकडून ९०२ सामने, ५ युरोपियन कप, ७ वेळा लीग. अहो, तो जाणार कुठे होता? जगातला सगळ्यात भारी क्लब, घरच्या गावात, बाप त्याच क्लबचा जुना कप्तान. त्यात त्याग कुठला? शहरातलं सगळ्यात चालणारं दुकान बापाकडून मिळालं आणि पोराने ते सोडलं नाही, तर त्याला कोणी एकनिष्ठ म्हणतं का?

आता डिसेंबर १९९५ चा बोस्मन निकाल घ्या. त्याआधी युरोपात करार संपला तरी नव्या क्लबने जुन्या क्लबला पैसे मोजल्याशिवाय खेळाडू सुटायचा नाही. दार बाहेरून बंद असायचं. जुन्या पिढीच्या निष्ठेचे गोडवे गाताना हे कोणी बोलत नाही.

आणि दार उघडल्यावर काय झालं ते लंडनच्या टॉटनहॅम क्लबात दिसलं. एकाच अकादमीतून आलेले दोन स्टॉपर. सॉल कॅम्पबेल २००१ मध्ये करार संपल्यावर फुकटात थेट कट्टर वैरी आर्सेनलकडे गेला. लोक आजही त्याला गद्दार म्हणतात. त्याने २००२ आणि २००४ मध्ये लीग जिंकली, २००४ ला तर एकही मॅच न हरता. लेडली किंग टॉटनहॅमलाच राहिला, आयुष्यभरात एक लीग कप, २००८. आता छातीवर हात ठेवून सांगा, तुमचा धाकटा भाऊ असता तर त्याला कोणाचा रस्ता धरायला सांगितलं असतं?

बर्डीवाला_गोली

राजेहो, मी पडलो गोलकीपर. स्टॉपरबद्दल बोलायचा हक्क पयला आमचा, कारण त्याची पाठ आमच्याइतकी कोणीच पायली नाई.

तुमी समदे टॅकल अन् गोल मोजून राह्यले. मले त्याचा आवाज आठवते. कॉर्नर आला का भाऊ मागं न पायताच ओरडे, "एक डावीकडं सुटला!" अन् खरंच एक पोट्टं डावीकडं सुटलेलं राहे. मी एकदा इचारलं, बे तुले पाठीले डोळे हायेत का? तर म्हणे, डोळे कायले पाहिजेत, तो लेफ्ट बॅक दर कॉर्नरले बॉल पाहात बसते, माणूस पाहात नाई, मंग त्याच्याच अंगावरचा सुटन ना. म्हणजे त्याले समोरच्या टीमचं नाई, आपल्याच टीमचं कच्चं ठिकाण पाठ. असं ज्ञान ट्रान्सफर करून येत नाई बाप्पा. नवीन स्टॉपर किती बी महागाचा आणा, त्याले हे कळेपर्यंत आमी तीन गोल खाल्लेले राहतात.

इतवारी भाऊ, तुमचं दुकानाचं बरोबर हाय, पण आमच्या क्लबात कोणतं दुकान चालत होतं? दर चार मोसमांतून एकदा खालच्या डिव्हिजनमध्ये जायची भीती. तरी राह्यला ना तो?

इतवारी_एक्सप्रेस

राहिला, हे मला दिसतंय. का राहिला, ते विचारतोय. तेवढंच कोणी सांगत नाही.

कामठी_लाइन्स

कामठीत फुटबॉल हा घरातला विषय आहे. आमच्याकडे लहान पोरगंही सांगेल कोणाचे वडील कोणत्या क्लबकडून बॅक, म्हणजे बचावात, खेळायचे. त्यामुळे इतवारींच्या दुकानाला उत्तर देणं भाग आहे.

मल्दिनीला बाजूला ठेवा. त्याच्या आधीचा कप्तान फ्रँको बरेसी घ्या. १९७७ ते १९९७, मिलान सोडून दुसरा क्लब नाही. आज मिलान म्हटलं की कप आठवतात. पण १९८० मध्ये मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात क्लबला शिक्षा म्हणून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं. वर आले आणि १९८२ मध्ये पुन्हा खाली गेले, या वेळी खेळूनच. बरेसी तेव्हा विशी-बाविशीत होता. इटलीच्या १९८२ च्या वर्ल्ड कप जिंकणाऱ्या चमूत त्याचं नाव होतं. म्हणजे घ्यायला कोणी तयार नव्हतं असं कोणीही म्हणू शकणार नाही. वर्ल्ड कप विजेत्या देशाच्या चमूतला माणूस त्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनच्या छोट्या गावांत जाऊन खेळला. क्लबने पुढे ६ नंबरची जर्सी कायमची बंद केली ती त्याच्यासाठी.

आता आपल्या देशातलं सांगतो. सुब्रत भट्टाचार्य, कोलकात्याचा मोहन बागान क्लब, १९७४ पासून सतरा वर्षं स्टॉपर. ३० सप्टेंबर १९७५ ला आयएफए शील्डच्या फायनलमध्ये कट्टर वैरी ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने धुतलं. तेव्हा तो क्लबमध्ये नवाच होता. चाहते इतके पिसाळले की त्या रात्री तो आणि आणखी काही खेळाडू गंगेत नावेवर लपून राहिले, असं कोलकात्यात सांगतात. त्या काळी कोलकात्यात दर वर्षी खेळाडूंची पळवापळवी चालायची. सही होईपर्यंत क्लबचे लोक खेळाडूला कोणाच्या तरी घरात दडवून ठेवायचे. म्हणजे दार सताड उघडं होतं आणि बाहेर गाडी उभी होती. ज्या लोकांना घाबरून नावेत झोपायची वेळ आली त्याच लोकांसाठी हा माणूस पुढे पंधरा वर्षं खेळला. १९७७ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबबरोबर ईडन गार्डन्सला आला, मॅच २-२ सुटली, त्या दिवशीही बचावात हाच.

याला नाइलाज म्हणता येत असेल तर म्हणा.

ऑफसाइड_ताई

कामठीकाकांनी नावेची गोष्ट कौतुक म्हणून सांगितली. मला तर तिच्यातूनच खरा मुद्दा दिसतोय. निष्ठेची अपेक्षा करणारे आपण प्रेक्षक स्वतः किती एकनिष्ठ असतो?

मल्दिनीची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच, २४ मे २००९, रोमाविरुद्ध. मिलान ३-२ ने हरलं, ते सोडा. मॅच संपल्यावर तो मैदानाला फेरी मारत असताना स्वतःच्याच कट्टर चाहत्यांच्या एका गटाने शिट्ट्या वाजवल्या, टोमणे मारणारे बॅनर धरले आणि बरेसीची भलीमोठी ६ नंबरची जर्सी फडकवली. कप्तान एकच, तो म्हणजे बरेसी, असा त्याचा अर्थ. कारण काय, तर मधल्या वर्षांत कधी तरी त्याने या गटाला सुनावलं होतं. चोवीस वर्षं एका बाजूला, एक भांडण दुसऱ्या बाजूला. आठवड्याने फ्लॉरेन्सला त्याची खरीखुरी शेवटची मॅच झाली, तिथे फिओरेंतिनाचे लोक, म्हणजे समोरच्या टीमचे, उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आपण सत्कार करतो तेव्हा त्या माणसाचं कमी आणि स्वतःचंच कौतुक जास्त करतो, असं माझं मत आहे. "आमचा" स्टॉपर. तो आमचा राहिला. आमच्यापेक्षा चांगलं त्याला काही दिसलं नाही. त्याने एकदा उलटून बोलू दे, मग बघा.

शिवाय क्लब तरी कुठे जागेवर राहतात? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पंजाबचं जेसीटी २०११ मध्ये बंद. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळलं आणि जागा हैदराबादला गेली. तिथल्या बॅकने निष्ठा कोणावर ठेवायची, कुलपावर? मुलींच्या टीमचं तर बोलूच नका. मी ज्या टीमकडून खेळायचे तिचा ग्रुप एका सकाळी "ॲडमिनने ग्रुप बंद केला" एवढ्यावर संपला. आमच्यातली एकही एकनिष्ठ निघाली नाही, कारण तशी सोयच नव्हती.

बर्डीवाला_गोली

ताई, कुलपावर निष्ठा! हे मी उद्या पोह्याच्या ठेल्यावर सांगणार हाव.

कामठी_लाइन्स

ताई, इटलीतला एक गट म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. त्या दिवशी बाकीचं स्टेडियम त्याच्यासाठीच भरलं होतं.

उलटी बाजूही बघा. आर्सेनलचा टोनी ॲडम्स १९८८ मध्ये एकविसाव्या वर्षी कप्तान झाला. डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी ठोकल्याबद्दल त्याला ४ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातली निम्मी भोगून तो बाहेर आला. क्लबने त्याचं कप्तानपद काढलं नाही. त्या मोसमात आर्सेनलने लीग जिंकली. १९९६ मध्ये त्याने स्वतः जगासमोर सांगितलं की मी दारुडा आहे. तेव्हाही कोणी वाऱ्यावर सोडलं नाही. २००२ पर्यंत ६६९ सामने, आणि आज स्टेडियमबाहेर पुतळा आहे. हे एका बाजूने होत नाही. तो थांबला तसे लोकही थांबले.

किंगचंही तेच. त्याच्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती. आठवडाभर टीमबरोबर सराव नाही, पोहायचं, जिममध्ये जायचं आणि शनिवारी थेट मॅच. अशा माणसाला क्लबने वर्षानुवर्षं सांभाळलं. ३१ व्या वर्षी त्याला खेळणं सोडावं लागलं. इतवारी, तुमच्या कॅम्पबेलच्या रस्त्यावर हे मिळालं असतं का?

इतवारी_एक्सप्रेस

काका, तुम्ही माझंच काम सोपं केलं. असा गुडघा घेऊन दुसऱ्या कोणत्या क्लबच्या डॉक्टरने त्याला पास केलं असतं? तोच तर नाइलाज! आणि टॉटनहॅमने सांभाळलं ते उपकार म्हणून नाही. अर्ध्या गुडघ्यावरही तो बाकीच्यांपेक्षा भारी खेळत होता.

बरेसीपुढे मी गप्प बसतो, ठीक आहे. सुब्रतपुढेही. पण अशी दोन-तीन नावं काढून तुम्ही सगळ्यांना त्यांच्या रांगेत उभं करता. बाकीचे हजारो बॅक लहान क्लबांत राहतात ते घर जवळ आहे, नोकरी इथे आहे, आई आजारी आहे म्हणून. त्यात वाईट काही नाही. माणसं अशीच जगतात. पण त्यावर "निष्ठा" असं रंगवलं की क्लबच्या पदाधिकाऱ्यांची चांदी होते. मग पुढच्या पोराने बाहेरची ऑफर आली म्हणून सांगितलं की त्याला ऐकवायचं, "त्या भाऊकडे बघ, वीस वर्षं राहिला." एकाच्या गळ्यातला हार दुसऱ्याच्या गळ्याचा फास होतो.

जुना_लेफ्टबॅक

मी सहसा लिहीत नाही. इतवारींनी शेवटी जे लिहिलं ते माझ्यावर झालेलं आहे, म्हणून लिहितो. कोणत्या क्लबात ते विचारू नका, सांगणार नाही.

बावीस-तेवीस वर्षांचा असताना मला एका खात्याच्या टीमकडून निरोप आला होता. स्पोर्ट्स कोटा, म्हणजे पुढे नोकरी. ज्यांनी नागपुरात फुटबॉल खेळलंय त्यांना याची किंमत सांगायला नको. इथे फुटबॉलमधून पैसा मिळत नाही, मिळाली तर नोकरी मिळते, आणि तीसुद्धा त्या दोन-तीन वर्षांतच. वय गेलं की दार बंद. आमच्या क्लबला पत्र द्यायचं होतं, मला मोकळं केल्याचं. सेक्रेटरी म्हणाले, टुर्नामेंट होऊ दे, मग देतो. क्लबने तुला लहानाचं मोठं केलं, एवढं तरी कर. मी केलं. टुर्नामेंट आम्ही सेमीफायनलला हरलो. पत्र मिळालं तोवर तिकडची जागा भरली होती.

त्यानंतर मी बरीच वर्षं तिथेच खेळलो. शेवटी शाल मिळाली. फोटोत सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत आहेत.

मी कोणाला शिव्या घालत नाही. खेळलो ते आनंदानेच खेळलो. पण माझं नाव घेऊन कोणी पोरांना निष्ठेचे धडे देऊ नयेत, एवढंच.

गड्डीगोदामकर

लेफ्टबॅक दादा, तुमचं वाचून जरा वेळ काही टाइप करता आलं नाही. पण तुमच्या लिहिण्यातूनच मला वाटतं ते जास्त पटतंय. तुम्ही राहिलात त्यामागे फसवणूक होती. ते क्लबच्या खात्यावर. त्यानंतर डाव्या बाजूला तुम्ही जे खेळलात ते मात्र तुमचं, सेक्रेटरीचा हात कितीही खांद्यावर असो. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. का राहिला हा चौकशीचा विषय झाला. राहून काय केलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं, टाळी त्याची आहे.

शेमस कोलमनचं बघा. एव्हर्टनने २००९ मध्ये आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून ६० हजार पौंडांत घेतलेला राइट बॅक. प्रीमियर लीगच्या हिशोबात ही सुटी चिल्लर. २०१७ मध्ये आयर्लंडकडून खेळताना पायाचं हाड भयंकर मोडलं, तरी परत आला, कप्तान झाला. मे २०२५ मध्ये गुडिसन पार्कवर, म्हणजे एव्हर्टनच्या घरच्या मैदानावर, पुरुष संघाची शेवटची मॅच होती, त्याला सुरुवातीपासून उतरवलं आणि थोड्याच वेळात दुखापत होऊन बाहेर यावं लागलं. अख्खं मैदान उभं राहिलं. तो एव्हर्टनला का राहिला याचा पंचनामा तिथे कोणी करत बसलं नाही.

अंडर_१९_बेंच

काका-दादा लोकांनो, एक प्रश्न. रागावू नका. तुमचा भाऊ वीस वर्षं स्टॉपर होता तेव्हा त्याच्या मागचा स्टॉपर कुठे होता?

तो मी आहे. म्हणजे माझ्यासारखे तिघं-चौघं. एक जण कंटाळून क्रिकेटला गेला, एकाने खेळच सोडला. मला शेवटच्या दहा मिनिटांत उतरवतात, तेही आपण ३-० ने पुढे असलो तर. भाऊबद्दल आदर आहे, शिकवतोही तो. पण "भाऊ आहे तोवर तू थांब" हे ऐकून ऐकून माझंही वय चाललंय. लेफ्टबॅक दादा म्हणाले ना, दोन-तीन वर्षांतच दार उघडं असतं. माझी तीच वर्षं चालू आहेत.

बर्डीवाला_गोली

पोट्ट्या, तुह्यं दुःख कळते. पण एक सांग, मागच्या पावसाळी टुर्नामेंटमध्ये तू उतरला तेव्हा ऑफसाइडची लाइन, म्हणजे समदे बॅक एका रेषेत वर येऊन समोरच्याले पकडतात ती, कोणी मोडली होती? मीच गोलात होतो.

अंडर_१९_बेंच

मी मोडली. लाइन कधी वर घ्यायची हे दहा मिनिटांत कसं शिकू?

कामठी_लाइन्स

पोरगं बरोबर बोलतंय आणि त्याला उत्तर द्यायला हवं. माझ्या मते दोष जुन्या स्टॉपरचा नाही, दोघांना शेजारी न उतरवणाऱ्याचा आहे. मल्दिनी सोळाव्या वर्षी, जानेवारी १९८५ मध्ये, पहिली लीग मॅच खेळला. पुढची बारा वर्षं तो बरेसीच्या शेजारी होता, बहुतेक डावीकडे. बरेसी गेल्यावर मधली जागा घ्यायला माणूस तयार होता. म्हातारा बॅक असताना तरुणाला शेजारी खेळवलं तर म्हाताऱ्याची वीस वर्षं त्याच्या पायात उतरतात. बेंचवर बसवलं तर नाही. आपल्याकडे एक स्टॉपर म्हातारा होईपर्यंत पळवायचा आणि मग एका दिवसात शाल देऊन मोकळं व्हायचं, हीच पद्धत.

ऑफसाइड_ताई

हे मला पटलं. सत्काराचा कार्यक्रम म्हणजे बहुतेक वेळा क्लबने पुढची तयारी केली नव्हती, हे झाकायचा मांडव असतो.

इतवारी_एक्सप्रेस

आता कामाचं बोलू का? बोलून बोलून धागा लांबला.

इंग्लंडमध्ये जुनी पद्धत आहे. एका क्लबात साधारण दहा वर्षं झाली की खेळाडूच्या नावाने एक मॅच भरवतात, तिकिटाचा पैसा त्याला. आता तिथले खेळाडू करोडपती झाले म्हणून तो पैसा धर्मादायाला देतात. कॅरॅगरने २०१० मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या आपल्या मॅचचा दिला होता. त्या दिवशी त्याने एक पेनल्टी समोरच्या जाळ्यात मारली आणि एक मुद्दाम स्वतःच्या. स्वयंगोलची इज्जत राखली गड्याने. पण ही पद्धत सुरू झाली ती खेळाडू गरीब असायचे तेव्हा, आणि आपले अजून तसेच आहेत. तुमच्या भाऊच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलंय हे मैदानावर सगळ्यांना माहीत आहे. पट्टा बांधून खेळतो. ऑपरेशन त्याने दोन वर्षं पुढे ढकललंय. कशामुळे, ते सांगायला नको.

मग मॅच भरवा. तिकीट लावता येत नसेल तर डबा फिरवा. मैदानाभोवती पोहे-चहाचे ठेले लागतात त्यांच्याकडून मागा, जुन्या खेळाडूंकडून मागा. कामठीच्या क्लबांना बोलवा, ते आले की गर्दी होतेच. पैसा क्लबच्या खात्यात जाऊ देऊ नका, थेट त्याच्या बायकोच्या हातात. असा सत्कार असेल तर मी पहिली वर्गणी देतो, निष्ठा असो की नाइलाज.

कामठी_लाइन्स

कामठीची एक टीम मी आणतो. जुने आणि नवे मिसळून. पंचांचंही बघतो.

गड्डीगोदामकर

मला मान्य. पण मैदानाला चक्कर राहू द्या. नुसते पैसे देऊन घरी पाठवलं तर ती मदत झाली. त्याने मदत मागितलेली नाही, आणि तसा वास जरी आला तरी तो येणार नाही, मी ओळखतो. लोकांनी उभं राहायला पाहिजे, आणि का उभे राहिले ते त्याला कळायला पाहिजे. माइक द्यायचाच तर सेक्रेटरीला नको, गोलीला द्या. तो पाठीच्या डोळ्यांचं सांगेल.

बर्डीवाला_गोली

माइक माह्या हाती देऊन राह्यले, मंग वेळेचं बंधन नाई बरं का.

जुना_लेफ्टबॅक

मॅच भरवत असाल तर डावीकडे मी येतो. पंधरा मिनिटं निघतील. आणि त्या बेंचवरच्या पोराला पहिल्या मिनिटापासून भाऊच्या शेजारी उतरवा, पूर्ण मॅच.

अंडर_१९_बेंच

मी तयार आहे. गोलीकाका, लाइन मोडली तर सगळ्यांसमोर ओरडू नका फक्त.

इतवारी_एक्सप्रेस

हिशोबाची वही मी ठेवतो, आल्यागेल्याची यादी मैदानावरच लावू. शाल आणायची असेल तर ज्याला हौस आहे त्याने स्वतःच्या खिशातून आणा, वर्गणीतून एक रुपया मिळणार नाही. आणि बॅनर छापण्याआधी मजकूर मला दाखवा.